तीन महिन्यांची साखर, पण पेशी तीन महिन्यांच्या नव्हत्या

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून नाव-गाव दिलेलं नाही आणि वैयक्तिक तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावात माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. शिलाईकाम करणाऱ्या एक ४४ वर्षांच्या ताई आरोग्य शिबिरात गेल्या होत्या. तिथे बोटातून रक्त घेऊन साखर पाहिली, ती २३१ निघाली. त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी खात्री करून घ्यायला त्यांना माझ्याकडे पाठवलं. उपाशीपोटी साखर १३९, जेवणानंतरची २२८ आणि एचबीए१सी, म्हणजे तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते सांगणारी तपासणी, ४.९ टक्के आली.

एचबीए१सीला (डॉक्टरांच्या बोलण्यात नुसतं 'एवनसी') आपल्याकडे सगळे 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात. डॉक्टरही चिठ्ठीवर बऱ्याचदा तसंच लिहितात. ४.९ म्हणजे उत्तमच. डॉक्टरांनी ताईंना सांगितलं की शिबिराच्या धावपळीत आणि काळजीने साखर वाढली असेल, तीन महिन्यांची मात्र छान आहे. गोड कमी करा, चाला, चार महिन्यांनी पुन्हा बघू.

चार महिन्यांनी त्या आल्या तेव्हा चिठ्ठीवर फक्त एचबीए१सी होती. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही आणि जेवून दोन तासांनी परत यावं लागत नाही. शिलाईचं काम सोडून दोनदा यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, म्हणून ताईंनाही ते सोयीचं होतं. आकडा आला ४.६. 'अजून सुधारली की!' म्हणत ताई रिपोर्ट घेऊन गेल्या. त्यांनी चहातली साखर खरोखरच बंद केली होती, त्यामुळे तो आनंद त्यांना आपल्या कष्टाचं फळ वाटला. तो आनंद आठवला की मला आजही वाईट वाटतं, कारण रिपोर्टवर सही माझी होती.

अडचण

पहिल्या तपासणीनंतर अकरा महिन्यांनी ताई तिसऱ्यांदा आल्या. सुईत दोरा ओवताना दिसत नव्हतं, तळपायांची आग होत होती, अंगाला वारंवार खाज सुटत होती. या वेळी सगळ्या तपासण्या झाल्या. उपाशीपोटी १७१, जेवणानंतर २९४, एचबीए१सी ४.७.

डॉक्टरांचा फोन आला. 'मॅडम, तुमचं ग्लुकोज चुकतंय की एवनसी?'

प्रश्न रास्तच होता. एचबीए१सीच्या रिपोर्टखाली आम्ही सरासरी ग्लुकोजही छापतो. २००८ साली प्रसिद्ध झालेलं त्याचं सूत्र सोपं आहे: एचबीए१सीला २८.७ ने गुणायचं आणि ४६.७ वजा करायचे. ४.७ ला हे सूत्र लावलं की ८८ येतात. म्हणजे एकाच कागदावर आम्ही सांगत होतो की या बाईंच्या रक्तातली सरासरी साखर ८८ आहे आणि रात्रभर उपाशी राहिल्यावर ती १७१ असते. एरवी दिवसभरातली साखर सर्वांत कमी असते ती उपाशीपोटी. सर्वांत कमी आकडा सरासरीच्या जवळजवळ दुप्पट कसा असेल? हे गणित पाचवीतल्या मुलालाही खटकलं असतं. पहिल्या रिपोर्टमध्येही १३९ शेजारी ९४ अशी सरासरी छापलेली होती. तेव्हाही आमच्यापैकी कुणी ते दोन आकडे शेजारी ठेवून वाचले नाहीत.

समोरचे पर्याय

तीन शक्यता होत्या. ग्लुकोज चूक, एचबीए१सी चूक, किंवा दोन्ही बरोबर.

ग्लुकोज चुकतं तेव्हा बहुधा कमी येतं. नमुना तसाच ठेवला तर नळीतल्या पेशी साखर खात राहतात. इथे रक्त फ्लोराइड असलेल्या राखाडी झाकणाच्या नळीत घेतलं होतं, शिवाय आकडा जास्त होता. शिबिरातलं यंत्र धरून वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या दिवशी साखर चढीच आली होती. ही शक्यता तिथेच संपली.

मग माझा सगळा संशय एचबीए१सीच्या यंत्रावर गेला, आणि त्यात माझे दोन दिवस गेले. कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेले नमुने, चालवले, ते बरोबर आले. आमचं यंत्र हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतं, म्हणून आलेख काढून पाहिला. सिकलसेल किंवा हिमोग्लोबिन-ई असतं तर आलेखावर जास्तीचं शिखर दिसलं असतं, तसं काही नव्हतं. तोच नमुना वेगळ्या पद्धतीने मोजणाऱ्या दुसऱ्या लॅबला पाठवला. तिथे ४.८ आला.

म्हणजे तिसरी शक्यता उरली. साखर खरंच जास्त होती आणि साखर चिकटलेलं हिमोग्लोबिनही खरंच कमी होतं. यंत्र बरोबर मोजत होतं. तांबडी पेशी नेहमीइतके दिवस जगते, हे एचबीए१सीमागचं गृहीतक मात्र कुणी तपासलं नव्हतं.

त्यानंतर मी त्यांचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, उघडला. हिमोग्लोबिन १२.१, म्हणजे वरवर पाहता ठीक. पण एमसीएचसी, म्हणजे पेशीच्या आत हिमोग्लोबिन किती दाट आहे ते सांगणारा आकडा, ३७.१ होता. सर्वसाधारणपणे तो ३२ ते ३६ च्या आत असतो. अकरा महिन्यांपूर्वीच्या सीबीसीतही तो ३६.९ होता आणि शेजारी यंत्राने 'वाढीव' अशी खूण केली होती. एमसीएचसी खोटा वाढण्याची कारणं बरीच असतात. रक्तातली चरबी, गारठ्यात पेशींचे होणारे गठ्ठे, नमुन्यात फुटलेल्या पेशी. त्यामुळे लॅबमध्ये या खुणेकडे दुर्लक्ष करायची सवय लागते. आम्हालाही लागली होती.

पेशी म्हातारी होते म्हणजे काय होतं

इथे थोडं थांबते, कारण हे प्रकरण पेशीच्या वयाशिवाय कळत नाही.

अस्थिमज्जेतून बाहेर पडते ती रेटिक्युलोसाइट, तांबड्या पेशीचं कोवळं रूप. आकाराने थोडी मोठी, आत आरएनएचे अवशेष. एक-दोन दिवसांत ती जादाचं आवरण टाकते आणि दोन्ही बाजूंनी मध्यभागी दबलेली चकती होते. तिची रुंदी साडेसात मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, आकारमान ९० फेम्टोलिटरच्या आसपास आणि आवरणाचं क्षेत्रफळ सुमारे १४० चौरस मायक्रॉन. एवढंच आकारमान गोल चेंडूत भरायचं तर ९७ चौरस मायक्रॉन आवरण पुरलं असतं. वरचं सगळं आवरण ही पेशीची शिल्लक असते. अर्धं भरलेलं पोतं दाबून, वाकवून अरुंद दारातून नेता येतं. तेच गच्च भरलं की दारात अडकतं. तांबडी पेशी स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून जाते ती या शिल्लकीच्या जोरावर.

या पेशीत केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत. जन्मताना मिळालेल्या विकरांवर तिला चार महिने काढायचे असतात, कारण नवीन प्रथिन बनवायची सोय नाही. दिवस जातात तशी विकरं थकतात. आवरणाचे बारीक बुडबुडे सुटत जातात आणि त्यांच्याबरोबर थोडं हिमोग्लोबिनही जातं. आतलं पोटॅशियम आणि पाणी कमी होतं. आयुष्याच्या शेवटापर्यंत आवरणाचा आणि आकारमानाचा साधारण पाचवा हिस्सा तरी गेलेला असतो. पेशी लहान होते, आतलं हिमोग्लोबिन दाटतं, आणि दाट द्रवाने भरलेली पेशी सहज वाकत नाही. रक्त घनतेनुसार वेगळं केलं तर म्हाताऱ्या पेशी तळाशी जातात ते यामुळेच.

पृष्ठभागही बदलतो. बँड-३ नावाचं प्रथिन आवरणावर गोळा होऊ लागतं आणि शरीरातली नैसर्गिक प्रतिपिंडं त्याला चिकटतात. आवरणाच्या आतल्या थरात राहणारं फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचं स्निग्ध द्रव्य बाहेरच्या बाजूला येतं. यकृतातल्या आणि प्लीहेतल्या भक्षक पेशींना ही निवृत्तीची खूण कळते. प्लीहेत, म्हणजे पोटातल्या रक्त गाळणाऱ्या अवयवात, तर प्रत्यक्ष परीक्षाच असते. तिथे पेशीला जेमतेम एक-दोन मायक्रॉनच्या फटींतून पार व्हावं लागतं. वाकली तर पुढे गेली, अडकली तर भक्षक पेशीच्या तोंडी. दर सेकंदाला वीसेक लाख पेशी अशा संपतात आणि तितक्याच नव्या येतात.

हे आयुष्य सुमारे १२० दिवसांचं आहे हे कळायला माणसांनी स्वतःवर प्रयोग केले. डेव्हिड शेमिन यांनी न्यूयॉर्कमध्ये जड नायट्रोजनची खूण असलेलं ६६ ग्रॅम ग्लायसिन तीन दिवसांत खाल्लं आणि पुढचे कित्येक महिने स्वतःचं रक्त तपासत राहिले. खूण असलेलं हिमोग्लोबिन रक्तात किती दिवस टिकतं हे त्यावरून मोजता आलं. १९४६ साली प्रसिद्ध झालेलं त्यांचं उत्तर होतं १२७ दिवस. हा प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, कारण आज आपण 'तीन महिन्यांची साखर' म्हणतो ते अशाच मोजणीच्या भरवशावर.

हिमोग्लोबिनला साखर चिकटते ती कुठल्याही विकराशिवाय, अगदी सावकाश. तिला दोनच गोष्टी लागतात, साखर आणि वेळ. साखर जितकी जास्त आणि पेशी जितके दिवस रक्तात, तितकी चिकट जास्त. मधुमेह्यांच्या रक्तातलं हे वेगळं हिमोग्लोबिन सॅम्युअल रहबार यांनी तेहरानमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस ओळखलं. तेव्हापासून आपण त्यातली साखर वाचतो आणि वेळ गृहीत धरतो.

ताईंच्या शरीरात वेळच तोकडी पडत होती.

काय केलं

रक्ताचा नमुना ३७ अंशांवर गरम करून सीबीसी पुन्हा केला. एमसीएचसी हलला नाही. प्लाझ्मा स्वच्छ होता, चरबी नव्हती. लीशमन रंगाने रंगवलेली स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि पहिल्याच नजरेत उत्तर दिसलं. चकतीचा मधला फिकट भाग नसलेल्या, लहान, गोल, गडद पेशी जागोजागी. मध्ये मध्ये निळसर झाक असलेल्या मोठ्या कोवळ्या पेशी. रेटिक्युलोसाइट ४.५ टक्के, एरवी त्या एक-दीड टक्का असतात. अप्रत्यक्ष बिलिरुबिन २.४, एलडीएच वाढलेलं, दोन्ही पेशी मोडत असल्याच्या खुणा. कूम्ब्स तपासणी निगेटिव्ह, म्हणजे शरीर स्वतःच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं बनवत होतं अशातला भाग नव्हता. फ्लो सायटोमेट्रीवरची ईएमए तपासणी (पेशीच्या आवरणातली प्रथिनं कमी आहेत का ते पाहणारी) आमच्याकडे होत नाही, ती मुंबईला पाठवली. तिने निदान पक्कं केलं: आनुवंशिक स्फेरोसायटोसिस, म्हणजे तांबड्या पेशी गोल होऊन लवकर मोडण्याचा, घराण्यातून येणारा आजार.

मग ताईंना बोलावून सविस्तर विचारलं. लहानपणापासून अधूनमधून डोळे पिवळे व्हायचे. आजी त्यांना काविळीच्या औषधाला शेजारच्या गावी न्यायची, गळ्यात माळ घालायची. आठवड्याभरात पिवळेपणा उतरायचा आणि माळेला गुण आला असं घरात ठरायचं. आईचंही पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं होतं. 'आमच्या घराण्यातच कावीळ आहे, मॅडम,' त्या म्हणाल्या. निदान त्यांच्या तोंडात कधीपासून होतं. आम्ही विचारलं नव्हतं, एवढंच.

या आजारात अँकिरिन, स्पेक्ट्रिन, बँड-३ अशा प्रथिनांपैकी एखाद्यात खोट असते. आवरणाला आतल्या जाळीचा नीट आधार मिळत नाही आणि ते बुडबुड्यांच्या रूपाने भराभर सुटत जातं. म्हातारपणी जे व्हायचं ते भर तारुण्यात होतं. पण एक फरक लक्षात ठेवायला हवा. निरोगी पेशी म्हातारी होताना आवरण आणि आतला ऐवज दोन्ही कमी होत जातात, म्हणून तिची चकती बरीचशी टिकते. इथे आवरण जातं तितका आतला ऐवज जात नाही, म्हणून चकतीचा गोळा होतो, आणि गोळा प्लीहेच्या फटीत अडकतो. ताईंच्या पेशी आकाराने म्हाताऱ्या होत्या आणि दिवसांच्या हिशेबाने तरुण. प्लीहेला आकार कळतो, साखरेला दिवस कळतात. प्लीहा त्यांना म्हाताऱ्या समजून काढून टाकत होती आणि साखरेला त्यांच्यावर चिकटायला पुरेसे दिवसच मिळत नव्हते.

रेटिक्युलोसाइटच्या संख्येवरून कच्चा हिशेब मांडला तर पेशींचं आयुष्य एरवीच्या निम्म्याहून कमी येत होतं. प्रत्यक्ष आयुष्य मोजलेलं नाही, उपचारांसाठी त्याची गरजही नव्हती.

मधुमेहाचं निदान तर ग्लुकोजवरूनच उघड होतं. फिजिशियन सरांनी मेटफॉर्मिन सुरू केलं, आहार ठरवून दिला, फॉलिक अॅसिड जोडलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पडद्यावर मधुमेहाचे सुरुवातीचे बदल दिसले. ते त्या अकरा महिन्यांतलेच, असं म्हणता येणार नाही, पण ते अकरा महिने उपचारांशिवाय गेले हे खरं.

पुढचा प्रश्न अवघड होता. औषध लागू पडतंय का, हे मोजायचं कशाने?

सरांनी विचारलं, 'एवनसीला काहीतरी गुणक लावून वापरता येईल का? ४.७ म्हणजे खरे साडेआठ, असं?' विचार मोहात पाडणारा होता. एचबीए१सी स्वस्त आहे, सगळीकडे होते, सगळ्यांना समजते. पण पेशी किती भराभर मोडतात हे या आजारात कायम एकसारखं नसतं. साध्या विषाणूतापात मोडतोड वाढते, पेशी आणखी तरुण होतात, आकडा खाली जातो. उलट पार्व्हो विषाणूचा संसर्ग झाला तर अस्थिमज्जा काही दिवस नव्या पेशीच देत नाही, उरलेल्या पेशींचं सरासरी वय वाढतं आणि आकडा साखरेशिवायच चढतो. आज बसवलेला गुणक पुढच्या महिन्यात चुकीचा ठरला असता, आणि आपण त्यावर औषधाचा डोस ठरवला असता. मी नको म्हटलं. सरांनी ते मानलं.

उरलं फ्रुक्टोसामीन आणि घरचं ग्लुकोमीटर. फ्रुक्टोसामीनमध्ये साखर मोजली जाते ती प्लाझ्मातल्या प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटलेली. तिथे तांबड्या पेशीच्या वयाचा संबंध नाही, मागच्या दोन-तीन आठवड्यांची कल्पना येते. अट एवढीच की अल्ब्युमिन ठीक हवं. ताईंचं ४.१ होतं आणि लघवीतून प्रथिन जात नव्हतं. फ्रुक्टोसामीन आलं ४१२, जिथे वरची मर्यादा २८५ धरतात. त्याशिवाय एकदाच, सतत साखर मोजत राहणारा चौदा दिवसांचा सेन्सर दंडावर लावला. तो परवडण्याचा प्रश्न होता, ताईंच्या भावाने पैसे दिले. सरासरी ग्लुकोज २०४ निघालं. निरोगी आयुष्याच्या पेशी असत्या तर या सरासरीला एचबीए१सी ८.७ च्या आसपास आली असती. त्यांची ४.७ होती.

प्लीहेचा निर्णय

सोनोग्राफीत प्लीहा साडेपंधरा सेंटिमीटर आणि पित्ताशयात खडे दिसले. पेशी मोडल्या की बिलिरुबिन वाढतं, त्याचेच ते खडे. जेवणानंतर उजव्या बाजूला दुखण्याच्या दोन कळाही येऊन गेल्या होत्या, म्हणून पित्ताशय काढायचं ठरलं.

तिथे सर्जननी विचारलं, 'एकाच भुलीत प्लीहाही काढू का?' काढली असती तर गोल पेशींना जगू दिलं गेलं असतं, हिमोग्लोबिन वाढलं असतं, कावीळ गेली असती. मला तर त्यात माझ्या सोयीचीही गोष्ट दिसली: पेशींना वय आलं असतं आणि एचबीए१सी पुन्हा बऱ्यापैकी वाचता आली असती. तो विचार मनात आला तेव्हाच मला तो चुकीचा वाटला. तपासणी सोपी व्हावी म्हणून अवयव काढत नसतात.

प्लीहा गेल्यावर न्यूमोकोकससारख्या जंतूंचा गंभीर संसर्ग होण्याचा धोका जन्मभर राहतो, आणि मधुमेह असलेल्या माणसाला संसर्गाची धास्ती आधीच जास्त. ताईंचं हिमोग्लोबिन १२.१ होतं, रक्त कधी चढवावं लागलं नव्हतं. अशा सौम्य आजारात केवळ पित्ताशयाबरोबर सोय होते म्हणून प्लीहा काढायची नाही, असं तिन्ही डॉक्टरांचं एकमत झालं. ताईंना हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, 'ठेवली तर काही बिघडेल का?' आता बिघडणार नाही, आजार वाढला तर पुन्हा विचार करू, असं सांगितलं. साखर आटोक्यात आल्यावर दुर्बिणीने पित्ताशय काढलं, प्लीहा ठेवली.

परिणाम

तीन महिन्यांनी फ्रुक्टोसामीन २९६ वर आलं. घरच्या ग्लुकोमीटरची वही ताई शिलाईच्या मापांच्या वहीसारखी नेटकी ठेवतात. उपाशीपोटीचे आकडे बहुतेक ११० ते १३० मध्ये आहेत. तळपायांची आग कमी झाली, पूर्ण गेलेली नाही. डोळ्यांची तपासणी वर्षातून एकदा होते.

मध्ये एकदा त्यांना चार-पाच दिवस ताप आला होता. त्यानंतर रेटिक्युलोसाइट ७ टक्क्यांवर गेले. ताईंच्या संमतीने त्याच नमुन्यावर, स्वतःच्या खात्रीसाठी, मी एचबीए१सीही केली, ती ४.१ आली. त्याच आठवड्यात घरच्या वहीतले आकडे तापामुळे नेहमीपेक्षा वर होते. साखर वर आणि एचबीए१सी खाली. गुणक लावला असता तर त्या आठवड्यात आम्ही औषध कमी केलं असतं.

त्यांचा सतरा वर्षांचा मुलगाही तपासला. त्याच्या स्लाइडवर तशाच गोल पेशी आहेत. हा आजार बहुतेक घराण्यांत आई-वडिलांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, म्हणून प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. त्याला मधुमेह नाही. पण पुढे कधी तपासायची वेळ आली तर ग्लुकोजनेच तपासायचं, हे त्याच्या फाइलवर लिहून ठेवलं आहे.

हेच प्रकरण पुन्हा आलं तर

पहिली चूक पहिल्याच रिपोर्टला झाली. दोन तपासण्या एकमेकींशी भांडत असतील तर जिचा आकडा मर्यादेच्या वर आहे ती पुन्हा करायची, हा मधुमेहाच्या निदानाचा साधा नियम आहे. १३९ पुन्हा करून बघायला हवं होतं. आम्ही उलट केलं, जी दिलासा देत होती तिलाच पुन्हा केलं. चार महिन्यांनी चिठ्ठीवर फक्त एचबीए१सी आली तेव्हा मी डॉक्टरांना फोन करू शकत होते. चिठ्ठीबाहेर बोलणं म्हणजे ढवळाढवळ, हा संकोच मला नडला.

दुसरी चूक एमसीएचसीची. आता आमच्याकडे तो ३६ च्या वर गेला की नमुना गरम करून पुन्हा लावतात, आणि तरीही वर राहिला तर स्लाइड माझ्या टेबलावर आल्याशिवाय रिपोर्ट सुटत नाही. याला वेळ लागतो, गर्दीच्या दिवशी तंत्रज्ञ वैतागतात. तरी हा नियम मी सोडलेला नाही. उपाशीपोटीची साखर रिपोर्टवरच्या सरासरीपेक्षा जास्त असेल तर संगणक थांबतो, ही व्यवस्थाही करून घेतली. तिथे थांबलेल्या सगळ्याच रिपोर्टमध्ये असा आजार नसतो. कुणाला नुकतंच रक्त चढवलेलं असतं, कुणाची साखर गेल्या पंधरवड्यातच वाढलेली असते. विचारल्यावर कळतं.

या व्यवस्थेत न सापडणारी उलटी बाजूही आहे आणि ती आपल्या भागात कितीतरी जास्त आढळते. लोह कमी असेल तर नव्या पेशी कमी बनतात, जुन्या जास्त उरतात, आणि साखर ठीक असूनही एचबीए१सी वर सरकते. गेल्या वर्षी एका मुलीला ६.६ वर मधुमेहाचा शिक्का बसणार होता, हिमोग्लोबिन ८.२ होतं. लोहाच्या गोळ्यांचा कोर्स झाल्यावर तीच ५.८ आली. ताईंचं प्रकरण ताजं नसतं तर तिचं हिमोग्लोबिन मी शेजारी ठेवून वाचलं असतं की नाही, सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट मला अजून नीट जमलेली नाही. घराण्यातली कावीळ, पित्ताशयाचे खडे, लहानपणीची माळ हे प्रश्न रक्त घ्यायच्या खिडकीवर विचारायला सवड नसते, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्यांना जागा नसते. आम्ही नोंदणीच्या कागदावर एक ओळ वाढवली आहे. निम्मे लोक ती कोरी सोडतात.

ताईंना आम्ही एक छोटं कार्ड करून दिलं: आनुवंशिक स्फेरोसायटोसिस, एचबीए१सी वापरू नये, फ्रुक्टोसामीन आणि ग्लुकोज पाहावं. मागच्या महिन्यात त्या बहिणीकडे दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या होत्या आणि तिथे एका दवाखान्यात साखर तपासायची वेळ आली. कार्ड दाखवूनही तिथे एचबीए१सीच केली गेली, ४.८ आली, आणि गोळ्या निम्म्या करायला सांगितलं. ताईंनी कागद घडी करून पिशवीत ठेवला, गोळ्या होत्या तशाच घेतल्या आणि परत आल्यावर सकाळी उपाशीपोटी लॅबच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.